पोषकद्रव्ये, प्लवक आणि कोकण-गोव्याचा समुद्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लवक म्हणजे नेमके काय?

प्रवाहाविरुद्ध पोहत जाण्याइतके बळ ज्यांच्यात नाही, अशा सर्व जलचरांना मिळून प्लवक म्हणतात. हा शब्द आकारावरून नव्हे, तर वागण्यावरून ठरलेला आहे. त्यामुळे मायक्रोमीटरभर आकाराचा जिवाणू आणि हातभर व्यासाची जेलीफिश हे दोन्ही प्लवकच ठरतात. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यात ढिगांनी येणारा जवळाही प्राणीप्लवकांतच मोडतो, म्हणजे आपण प्लवक सुकवून खातो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणाऱ्यांना वनस्पतीप्लवक म्हणतात. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मे तेच करतात. या पानावर त्यांच्यातील तीन गट वारंवार येतील. पहिला गट डायटमचा. मराठी विज्ञानलेखनात त्यांना करंडक वनस्पती असेही म्हणतात आणि ते नाव फार नेमके आहे, कारण त्यांचे सिलिकाचे कवच कुंकवाच्या करंड्यासारखे, एका भागावर दुसरा भाग झाकणासारखा बसणारे असते. दुसरा गट डायनोफ्लॅजेलेटांचा. त्यांना दोन कशाभिका, म्हणजे चाबकासारखे हलणारे बारीक धागे, असतात, त्यामुळे ते थोडेफार वरखाली पोहू शकतात, आणि त्यांतील बरेच जण प्रकाशसंश्लेषणाच्या जोडीला इतरांना गिळतातही. तिसरा गट नीलहरित जिवाणूंचा. प्रोक्लोरोकोकस हा त्यांतील सर्वांत लहान, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही छोटा. तो जगातील सर्वाधिक संख्येचा प्रकाशसंश्लेषी जीव असूनही १९८० च्या दशकापर्यंत विज्ञानाला त्याचा पत्ता नव्हता.

या जीवांना कोणती पोषकद्रव्ये लागतात?

नायट्रोजन आणि फॉस्फरस सर्वांना लागतात, लोह अत्यल्प प्रमाणात पण अनिवार्यपणे लागते, आणि सिलिकेट मुख्यतः डायटमना लागते. अमेरिकी शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले की प्लवकांच्या शरीरातील नायट्रोजन-फॉस्फरसचे प्रमाण आणि खोल समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या याच द्रव्यांचे प्रमाण एकमेकांशी विलक्षण जुळते. पुढे हे प्रमाण कार्बनचे १०६ अणू, नायट्रोजनचे १६ आणि फॉस्फरसचा १ असे रूढ झाले. डायटमच्या बाबतीत त्यात आणखी एक अट येते, कारण त्यांना साधारणपणे जितका नायट्रोजन तितकेच सिलिकॉन लागते.

ही सरासरी आहे, नियम नव्हे, एवढे भान ठेवून तिचा वापर करावा. १६ : १ पेक्षा कमी नायट्रोजन असलेल्या पाण्यात आधी नायट्रोजन संपेल आणि फॉस्फेट उरेल, एवढे अनुमान मात्र तिच्यावरून बिनदिक्कत काढता येते.

पोषकद्रव्ये भरपूर म्हणजे प्लवक भरपूर, एवढे सरळ गणित नाही का?

प्लवकांच्या एकूण वजनाबद्दल हे गणित बऱ्याच अंशी खरे आहे. त्यात कोणते जीव असतील याबद्दल ते काहीच सांगत नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे.

पेशी जितकी लहान, तितके तिच्या आकारमानाच्या तुलनेत पृष्ठफळ अधिक. पोषकद्रव्ये पृष्ठभागातूनच आत येतात. त्यामुळे गरीब पाण्यात लहान पेशी उपाशी राहत नाही आणि मोठी पेशी राहते, हे ओघाने आले. मग श्रीमंत पाण्यात लहान पेशींनीच सारे का बळकावू नये? कारण त्यांना खाणारे एकपेशीय जीव त्यांच्याइतक्याच वेगाने वाढतात आणि त्यांची संख्या डोके वर काढू देत नाहीत. डायटमना खाणाऱ्या कोपेपॉडांना, म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या बारीक प्राणीप्लवकांना, मात्र अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत कित्येक दिवस ते काही आठवडे लागतात, आणि डायटम अनुकूल स्थितीत दिवसाला दुप्पट किंवा त्याहूनही वेगाने वाढतात. खाणाऱ्यांची पिढी तयार होईपर्यंत त्यांचे पीक उभे राहिलेले असते. म्हणजे पोषकद्रव्ये वाढली की लहान पेशींच्या जागी मोठ्या पेशी येतात असे नसून, लहानांच्या जवळजवळ स्थिर राहिलेल्या थरावर मोठ्यांचा थर चढतो.

दुसरी गोष्ट पाण्याच्या ढवळण्याची. कातालान शास्त्रज्ञ रामोन मार्गालेफ यांनी १९७८ मध्ये एक आकृती मांडली आणि तिला चक्क ‘मंडल’ असे नाव दिले. तिच्या एका टोकाला ढवळलेले, पोषक पाणी आणि त्यात डायटम. दुसऱ्या टोकाला शांत, थर पडलेले, निःसत्त्व होत चाललेले पाणी आणि त्यात डायनोफ्लॅजेलेट. डायटमचे कवच जड असते आणि पोहता येत नसल्याने शांत पाण्यात ते बुडतात. डायनोफ्लॅजेलेट रात्री खाली जाऊन पोषकद्रव्ये घेतात आणि दिवसा उजेडात येतात. ही आकृती आज फार ढोबळ वाटते, तरी किनाऱ्यावरच्या ऋतुचक्राला ती अजूनही बऱ्यापैकी लागू पडते.

किनाऱ्याच्या पाण्यात ही द्रव्ये येतात कुठून?

खालून, जमिनीवरून, तळाच्या गाळातून आणि हवेतून. उजेडाच्या थरातील प्लवक मरतात, त्यांची विष्ठा आणि अवशेष खाली जातात, आणि अंधारात जिवाणू त्यांचे विघटन करून नायट्रेट-फॉस्फेट पुन्हा पाण्यात सोडतात. म्हणून खोल पाणी पोषक असते, पण तिथे उजेड नसतो. वर उजेड असतो, पण तिथे खत संपलेले असते. आपल्या उष्ण कटिबंधात वरचे गरम, हलके पाणी झाकणासारखे बसून राहते, त्यामुळे हे दोन थर सहजी मिसळत नाहीत. ते झाकण कुठे, कधी आणि किती उघडते, यावर अरबी समुद्रातले वर्षभराचे बहुतेक सारे नाट्य ठरते.

पावसाळ्यात आपल्या समुद्रात काय घडते?

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा पृष्ठप्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खोल, थंड, पोषक पाणी समुद्रबूड जमिनीच्या उतारावरून किनाऱ्याकडे चढू लागते. ही क्रिया मे-जूनच्या सुमारास दक्षिण टोकाकडे सुरू होते, उत्तरेकडे सरकत येते आणि उत्तरेकडे येता येता तिचा जोर ओसरत जातो. केरळात हे पाणी पृष्ठभागापर्यंत पोहोचते. गोवा आणि दक्षिण कोकणात मात्र एक अडथळा उभा राहतो, तो पावसाचाच. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो जवळजवळ चार महिन्यांत, आणि वाशिष्ठी, शास्त्री, कर्ली, तेरेखोल, मांडवी, झुआरी यांसारख्या आखूड नद्या तो पाहता पाहता समुद्रात ओततात. गोड पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याचा पाच-दहा मीटर जाडीचा थर वर तरंगतो, आणि खालून चढून आलेले थंड पाणी त्याच्या खालीच अडकून पडते. वर उभे राहून पाहणाऱ्याला गढूळ, कोमट पाणी दिसते; दहा-पंधरा मीटर खाली अगदी वेगळा समुद्र असतो.

नद्याही रिकाम्या हाताने येत नाहीत. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट उष्ण आणि ओल्या हवामानात लवकर झिजतो आणि त्यातून भरपूर सिलिकेट सुटते, म्हणून पावसाळ्यातील खाड्यांमध्ये डायटमना लागणारे सामान विपुल असते. अडचण उजेडाची असते. आकाशात ढग, पाण्यात गाळ, आणि खाडीतला लोंढा इतका जोरदार की पेशी वाढण्याआधीच समुद्रात वाहून जावी. पाऊस काही दिवस उघडीप देतो, ऊन पडते, गाळ बसू लागतो, आणि त्या छोट्या खिडकीत स्केलेटोनेमा नावाचा साखळीसारखा डायटम झपाट्याने वाढतो. झुआरीच्या मुखाशी, दोना पावला येथे, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या दाराशीच ही घटना वारंवार नोंदली गेली आहे. शेतकरी ज्या उघडिपीत कोळपणी उरकतो त्याच उघडिपीत समुद्राचेही पीक वर येते, हे जाणवले की पंचांगातल्या नक्षत्रांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटते.

पश्चिम किनाऱ्यावर, राज्यांच्या सागरी हद्दीपलीकडच्या पाण्यात, केंद्र सरकारची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते; राज्ये आपापल्या हद्दीपुरत्या तारखा स्वतः ठरवतात. ती मुख्यतः माशांच्या विणीचा हंगाम आणि खवळलेला समुद्र लक्षात घेऊन असली, तरी पिल्लांचे अन्न तयार होण्याचा हाच काळ आहे, ही गोष्ट तिच्या बाजूने बोलते.

पावसाळ्याच्या शेवटी तळाशी ऑक्सिजन संपतो असे म्हणतात. त्याचा प्लवकांशी काय संबंध?

दुहेरी संबंध आहे. खालून चढून येणारे पाणी अरबी समुद्राच्या ऑक्सिजन-न्यून थराशी जोडलेले असते, म्हणून ते येतानाच अर्धे गुदमरलेले असते. वर गोड्या पाण्याचे झाकण असल्याने त्याला हवा मिळत नाही, आणि प्लवकांचे अवशेष खाली पडून कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही खर्ची पडतो. गोव्यातील कांदोळीच्या समुद्रात, सुमारे २७ मीटर खोलीच्या एका ठिकाणी, १९९७ पासून नियमितपणे पाण्याचे नमुने घेतले जात आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या किनाऱ्याच्या तळच्या पाण्यात ऑक्सिजन शून्यावर जातो, इतकेच नव्हे तर हायड्रोजन सल्फाइडही आढळतो, हे एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये जगापुढे मांडले. नायट्रस ऑक्साइड या तापवर्धक वायूचे मोठे उत्सर्जनही त्याच वेळी नोंदले गेले.

आता यातून प्लवकांच्या पुढच्या पिढीसाठी काय उरते ते पाहावे. ऑक्सिजन संपला की जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि त्याचे नायट्रोजन वायूत रूपांतर होऊन तो बहुसंख्य जीवांच्या उपयोगाचा राहत नाही. उलट गुदमरलेल्या गाळातून फॉस्फेट आणि लोह पाण्यात सुटते. म्हणजे रेडफिल्डचे १६ : १ मोडते, आणि मागे राहते नायट्रोजनला वखवखलेले पण फॉस्फेट असलेले पाणी. या असमतोलाचा फायदा कोण घेते ते उन्हाळ्याच्या प्रश्नात येईल.

थंडीच्या दिवसांत लाटांमध्ये दिसणारी निळी चमक प्रदूषणामुळे असते का?

नुसत्या चमकेवरून तसे म्हणता येत नाही. सिंधुदुर्गापासून मुंबईपर्यंत दिसणारी ही चमक बहुधा नॉक्टिल्युका या डायनोफ्लॅजेलेटची असते. त्याची एकच पेशी अर्धा-एक मिलिमीटरची, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसेल एवढी. तो पोषकद्रव्ये थेट वापरत नाही. डायटम आणि इतर जीव गिळतो. म्हणून त्याची गर्दी ही आधी होऊन गेलेल्या डायटमच्या पिकाची पावती असते, मग ते पीक सांडपाण्यावर आलेले असो वा खालून आलेल्या पाण्यावर. चौपाटीवरून वार्तांकन करणारे याला थेट ‘प्रदूषणाचा पुरावा’ म्हणून मोकळे होतात, ते घाईचे आहे.

अरबी समुद्रात त्याचे हिरवे रूप अधिक गाजलेले आहे. या रूपाच्या पेशीत हजारो सूक्ष्म हिरवे शैवाल पोहत असतात आणि यजमानाला अन्न पुरवतात, त्यामुळे भक्ष्य संपले तरी त्याचे भागते. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात कोरड्या, थंड ईशान्य वाऱ्यांनी पृष्ठभाग थंड होतो, जड झालेले पाणी खाली बुडते आणि खालचे पोषक पाणी वर मिसळते. या प्रक्रियेचा जैविक परिणाम एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्पष्ट केला होता. त्या काळी हे डायटमचे क्षेत्र मानले जाई. २००० नंतर तिथे हिरव्या नॉक्टिल्युकाचे विस्तीर्ण थर दिसू लागले. मूळचे गोव्याचे जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स यांनी २०१४ मध्ये त्याचा संबंध वर चढत चाललेल्या ऑक्सिजन-न्यून पाण्याशी जोडला. भारतातील इतर संशोधकांनी पुढे ऑक्सिजन पुरेसा असतानाही असे थर आढळल्याचे दाखवले. वाद मिटलेला नाही. मात्र नॉक्टिल्युकाला खाणारे फारसे कोणी नाही, सॅल्प (पारदर्शक, पिंपाच्या आकाराचे प्राणीप्लवक) आणि जेलीफिश तेवढे खातात. त्यामुळे डायटमऐवजी तो आला की माशांकडे जाणारी वाट अरुंद होते, याबद्दल दोन्ही बाजूंचे फारसे दुमत नसावे.

मार्च-एप्रिलमध्ये समुद्रावर लाकडाच्या भुशासारखा तपकिरी थर का दिसतो?

तो ट्रायकोडेस्मियम हा नीलहरित जिवाणू. त्याचे तंतू जुडग्यांनी तरंगतात आणि खलाशी पूर्वापार त्याला समुद्राचा भुसा म्हणत आले आहेत. फेब्रुवारी ते मे या काळात पाणी गरम, निवांत आणि नायट्रेटविना असते, इतर वनस्पतीप्लवक उपासमारीने रोडावलेले असतात, आणि नेमके तेव्हाच पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजन वायूपासून स्वतःचे खत बनवण्याची याची क्षमता कामी येते. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींत जे होते तेच हा उघड्या समुद्रात करतो. त्यासाठी त्याला फॉस्फेट आणि बरेचसे लोह लागते. फॉस्फेट मागे उरलेले असते, आणि लोह अरबस्तानच्या वाळवंटातून येणाऱ्या धुळीतून तसेच किनाऱ्याच्या गाळातून मिळते. तो कुजला की त्यातील नायट्रोजन इतरांच्या वाट्याला येतो. थर कुजताना दुर्गंधी येते. एरवी त्याला घाबरण्याचे कारण नाही.

शहरांचे सांडपाणीही खतच आहे ना? मग त्याने प्लवक वाढले तर बिघडले काय?

खत आहे, पण एकांगी. मुंबईच्या माहीम किंवा ठाणे खाडीत येणाऱ्या सांडपाण्यात अमोनियम, युरिया आणि फॉस्फेट भरपूर असते, सिलिकेट त्या मानाने कमी. अमोनियम वाढले की पुष्कळ पेशींची नायट्रेट घेण्याची क्रिया मंदावते. अमोनियमवर सुखाने जगणाऱ्या लहान कशाभिकाधारी आणि नीलहरित जीवांचे फावते. सिलिकेट संपेपर्यंत डायटम वाढतात, नंतरचा सगळा नायट्रोजन दुसऱ्यांना मिळतो. शिवाय सांडपाण्याला ऋतू नसतो. बाराही महिने सारख्या येणाऱ्या खतामुळे एकामागून एक येणाऱ्या गटांची पाळी मोडते आणि सतत काही थोड्याच चिवट जातींचे राज्य चालते. एखाद्या खाडीत हरितद्रव्याचे प्रमाण वाढले म्हणजे ती सुधारली, असे म्हणणे सूज आलेल्याला बाळसे धरले म्हणण्यासारखे आहे.

धरणांमुळे काही फरक पडतो का?

पडतो. डॅन्यूब नदीवरचे आयर्न गेट धरण १९७२ मध्ये पूर्ण झाल्यावर काळ्या समुद्राकडे जाणारे सिलिकेट घटले, शेतीतील नायट्रोजन वाढतच राहिला, आणि तिथे डायटमऐवजी कवच नसलेल्या प्लवकांचे थर वाढले. कोकणात उलटा प्रकार पाहायला मिळतो : कोयनेचे जे पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेले असते, ते वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीत सोडले जाते आणि दाभोळच्या खाडीला पावसाळ्याबाहेरही गोडे पाणी मिळत राहते.

मासळीवर याचा परिणाम कसा होतो?

अन्नसाखळीच्या कड्या मोजल्या की उत्तर मिळते. एका कडीवरून पुढच्या कडीवर साधारण दहावा हिस्साच पोहोचतो. तारली आपल्या कल्ल्यांच्या चाळणीने डायटम थेट गाळून खाते. तिच्या बाबतीत हजार किलो डायटममागे शंभर किलो मासा असा ढोबळ हिशेब मांडता येईल. हेच हजार किलो प्रोक्लोरोकोकससारख्या सूक्ष्म पेशींचे असतील, तर ते एकपेशीय भक्षक, मग कोपेपॉड, मग छोटा मासा आणि मग सुरमई अशा चार कड्यांतून जातील आणि शेवटी शंभर ग्रॅम हाती लागेल. म्हणून खालचे पाणी वर येण्याच्या प्रदेशात तारली-बांगड्यासारखे थव्याने राहणारे मासे अमाप मिळतात. फ्रॅजिलेरिया ओशनिका या डायटमचा बहर आणि तारलीची रेलचेल यांची सांगड केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्यालाच घातली गेली होती. तरीही एखाद्या वर्षीच्या तारलीच्या दुष्काळाचे खापर केवळ प्लवकांवर फोडू नये. अतिमासेमारी आणि पाण्याचे तापमान हेही तिथे वाटेकरी असतात.

प्लवकांमुळे विषबाधा होऊ शकते का?

क्वचित, पण होऊ शकते. काही डायनोफ्लॅजेलेट मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विष तयार करतात आणि पाणी गाळून खाणाऱ्या कालवे, शिनाणे, तिसऱ्या यांच्या मांसात ते साठते. १९८३ मध्ये मंगळूर परिसरात अशी विषबाधा नोंदली गेली आहे. शिजवल्याने हे विष नष्ट होत नाही. पाण्याचा रंग अचानक बदललेला असताना त्या खाडीतले शिंपले काही दिवस टाळणे शहाणपणाचे.

उपग्रहावरून हे सारे दिसत नाही का?

हरितद्रव्य दिसते, तेही आकाश निरभ्र असेल तर. भारताने १९९९ मध्ये ओशनसॅट-१ सोडल्यापासून समुद्राच्या रंगाचे मापन होत आहे, आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था तापमान व हरितद्रव्याच्या नकाशांवरून संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना मराठीसह किनारी भाषांत देते. पण जे महिने सर्वांत महत्त्वाचे, त्याच महिन्यांत ढग समुद्र झाकून टाकतात. किनाऱ्याजवळचा गाळ रंगाचा घोटाळा करतो. आणि गोड्या पाण्याखाली दडलेला डायटमचा थर वरून अजिबात कळत नाही. जाळे, बाटली आणि सूक्ष्मदर्शक यांची नोकरी अजून शाबूत आहे.

मग समुद्रात मुद्दाम योग्य खत टाकून हवे ते प्लवक वाढवता येतील का?

भारत आणि जर्मनी यांनी २००९ मध्ये नेमका हाच प्रयोग केला. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था त्यात भागीदार होती आणि प्रयोगाचे नाव लोहाफेक्स, म्हणजे त्यात आपले ‘लोह’ आहेच. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या एका भोवऱ्यात लोहाचे द्रावण सोडण्यात आले. अपेक्षा अशी होती की डायटम वाढतील, बुडतील आणि कार्बन सोबत तळाशी नेतील. त्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट होते. सिलिकेट आधीच्या डायटमनी संपवलेले होते. प्लवक वाढले, पण डायटम नव्हे, तर कवच नसलेल्या लहान कशाभिकाधारी पेशी. त्यांना कोपेपॉडांनी खाल्ले, कोपेपॉडांना त्यांच्याहून मोठ्या, कोळंबीसारख्या दिसणाऱ्या अँफिपॉडांनी खाल्ले, आणि खोल समुद्राकडे कार्बन जवळजवळ गेलाच नाही.